विरजणाचे भांडे : रत्नागिरीच्या आहाराचा एक विसरलेला अध्याय

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही इतिहासपर लेखन करावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. आपल्या स्मरणिकांतून आजवर कुळांचे, कुलदैवतांचे, गावच्या मानपानाचे आणि मंडळाच्या वाटचालीचे इतिहास पुष्कळ छापून आले आहेत. त्यांत भर घालावी इतकी आमची योग्यता नाही. परंतु एक गोष्ट मनात राहून राहून येत होती. ही सारी कुळे ज्या अन्नावर जगली आणि वाढली, त्या अन्नाचा इतिहास मात्र कोणी लिहिलेला आढळत नाही. पराक्रम पुरुषांच्या नावे नोंदले गेले. चुलीजवळचे ज्ञान स्त्रियांचे, म्हणून ते नोंदलेच गेले नाही. ही उणीव अंशतः तरी भरून काढावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

विषय सुचला तो एका साध्या प्रसंगाने. मुंबईस असताना आमच्या नातवाने शीतकपाटातून एक चिमुकली बाटली काढली आणि सांगितले, "आजोबा, ह्यात जिवंत जंतू असतात. ते पोटाला चांगले असतात." आम्ही ती चाखून पाहिली. गोडसर, आंबूस दुधाची चव होती. आम्हांला एकदम काजळी नदीकाठच्या आमच्या घरातील माजघर आठवले. शिंक्यावरचे दह्याचे मडके आठवले. आणि त्या मडक्याची राखण करणारी आमची बालविधवा आत्या आठवली. जंतू हा शब्द तिला ठाऊक होता की नाही, कोण जाणे. पण त्या जंतूंचे पालन तिने चाळीस वर्षे अखंड केले होते.

शास्त्रवचने आणि लोकाचार

दूध विरजून दही करणे आणि ते घुसळून लोणी व ताक वेगळे करणे, ही विद्या आपल्या देशात अतिप्राचीन आहे. आयुर्वेदात ताकाला केवळ पेयाचे नव्हे, तर औषधाचे स्थान आहे. चरकाने अर्श म्हणजे मूळव्याध आणि ग्रहणी ह्या दोन विकारांच्या चिकित्सेत ताकाचा मोठा गौरव केला आहे; ताकाने निवारण झालेला अर्श पुन्हा उद्भवत नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. तरीही ह्याच ग्रंथकारांनी अविवेकी सेवनाला मान्यता दिलेली नाही. रात्री दही खाऊ नये, असे चरक सांगतो. तर क्षत झालेल्याला, दुर्बलाला आणि उष्णकाळी ताक देऊ नये, असे सुश्रुताचे मत आहे. ताकाखेरीज धान्याच्या पेजेपासून आंबवून केलेल्या कांजीचे अनेक प्रकारही ह्या ग्रंथांत आढळतात.

आता धर्मशास्त्राकडे वळू. आंबलेल्या अन्नाला स्मृतिकारांनी शुक्त असे म्हटले असून ते सामान्यतः वर्ज्य ठरविले आहे. मात्र मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात दही आणि दह्यापासून होणारे पदार्थ ह्यांचा अपवाद केला आहे. हा अपवाद फार बोलका आहे. जे लोकांच्या रोजच्या जेवणात होते आणि ज्याने पोटास सुख होत होते, ते शास्त्रालाही वगळता आले नाही. शिळ्या अन्नाविषयीचा निषेध मात्र कायम राहिला. त्यामुळे शिळे खाणारा तो हीन, अशी एक समजूत समाजात रुजली, आणि ती किती अन्यायाची होती, हे पुढे दिसेलच.

मराठी मुलुखाच्या संदर्भात बाराव्या शतकातील एक साधन उपलब्ध आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात उडदाच्या पिठाची इडरिका वर्णिली आहे. आजच्या इडलीची ती पूर्वज मानली जाते. पण तिच्यात तांदूळ नाही आणि पीठ रात्रभर आंबविण्याचा स्पष्ट उल्लेखही नाही. म्हणजे तांदूळ व उडीद एकत्र आंबविण्याची आज घरोघरी चालणारी रीत अनादि काळापासूनची आहे, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. स्वयंपाकघरही बदलत असते, हे इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानी ठेवावे.

लोकाचारात तर आंबवलेल्या अन्नाला देवाचेच अधिष्ठान लाभले आहे. गोकुळाष्टमीचा काला घ्या. पोहे, लाह्या, दही, लोणचे ही सारी एका भांड्यात कालवून सर्वांनी मिळून खावयाची. आपल्या दक्षिण कोकणात तर जत्रेच्या रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकाची सांगता दहीहंडीने होते, म्हणून त्या जत्रेलाच दहिकाला असे नाव पडले. श्रावणातील शीतला सप्तमीस चूल पेटवावयाची नाही, आदल्या दिवशीचे अन्न खावयाचे, असा नेम आहे. एरवी निषिद्ध मानलेल्या शिळ्या अन्नाला वर्षातून एक दिवस का होईना, देवीने पानात मानाची जागा दिली.

रत्नागिरीची चूल

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. येथे रत्नागिरी म्हणताना १९८१ साली वेगळा झालेला सिंधुदुर्गही आम्ही त्यातच धरतो, कारण चुलीच्या इतिहासाला ही सीमा नाही. कोकण म्हणजे भात, अशी घाटावरील लोकांची कल्पना असते. वस्तुस्थिती अशी की डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पिकणारी नाचणी, वरी आणि हरीक ह्यांवरच येथील सामान्य जनतेचा निर्वाह होत असे. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड रत्नागिरी व सावंतवाडीचा आहे. त्यातही ह्या धान्यांची नोंद आहे. तांदूळ पिकवणाऱ्याच्या घरी तांदूळ सणावारी, ही अनेक वाड्यांतील स्थिती होती.

ह्या नाचणीची आंबील होत असे. रात्री नाचणीचे पीठ पाण्यात कालवून झाकून ठेवावे. सकाळी ते आंबूस झाले की उकळत्या पाण्यात वैरून शिजवावे. निवल्यावर मीठ आणि ताक घालून शेतावर न्यावे. नांगरणी-लावणीच्या दिवसांत हेच अन्न आणि हेच पेय. त्याचप्रमाणे रात्री उरलेला भात पाण्यात बुडवून ठेवावा आणि सकाळी ताक किंवा कांदा-मीठ घेऊन खावा, ही गरिबाची न्याहारी होती. आंबोळीचा मान थोडा वरचा. तांदूळ, उडीद आणि चिमूटभर मेथी ह्यांचे पीठ रात्री भिजवावयाचे, सकाळी ते फुगून वर आले की बिडाच्या तव्यावर घालावयाचे, आणि काळ्या वाटाण्याच्या आमटीबरोबर पाहुण्याला वाढावयाचे.

दुधाचा मात्र आपल्याकडे सुकाळ कधीच नव्हता. कोकणातील गाय लहान चणीची, डोंगर चढणारी, मुसळधार पावसाला आणि उन्हाच्या तापाला न डगमगणारी. अलीकडे ह्या जातीची कोकण कपिला ह्या नावाने राष्ट्रीय नोंदणी झाली आहे. परंतु ती दूध देते ते थोडे. म्हणून प्रत्येक घरी दुभते नसे. ज्याच्या घरी असे, त्याच्याकडे सकाळी शेजारपाजारच्या बायका ताकासाठी येत. ताक विकावयाचे नाही, मागणाऱ्याला नाही म्हणावयाचे नाही, असा दंडक होता. ताकाला जाऊन भांडे लपवू नये आणि ताकापुरते रामायण, ह्या दोन म्हणी ह्याच व्यवहारातून जन्मल्या. एकीत मागणाऱ्याचा संकोच आहे, दुसरीत त्याचा व्यवहारीपणा.

आत्या पहाटे घुसळखांबाला रवी अडकवून डेऱ्यात दही घुसळावयास बसे. त्या घुसळण्याच्या नादाने आम्हां मुलांना जाग येई. लोण्याचा गोळा निघाला की ती आधी वाटीभर दही उद्याच्या विरजणासाठी राखून ठेवल्याची खात्री करून घेई, आणि मगच ताक वाटावयास बसे. एखाद्या वर्षी गाय आटली तर विरजण मोडू नये म्हणून ती शेजारच्या घरून चमचाभर दही मागून आणी आणि विकतच्या थोड्या दुधावर ते जगवी. विरजण म्हणजे घरातील दिव्यासारखे, ते विझू द्यावयाचे नाही, असे ती म्हणे.

माडाच्या माडीचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण आंबण्याच्या क्रियेचे ते ठळक उदाहरण आहे. माडाच्या पोयीतून पाझरणारा गोड रस काही तासांतच हवेतील व भांड्यातील यीस्टमुळे आंबू लागतो. माडी काढण्याचा व्यवसाय भंडारी समाजाच्या हाती होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने आणि पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने त्यावर मोठा परिणाम झाला. शेजारच्या गोमंतकात हीच माडी, ज्यास तेथे सूर म्हणतात, पाव आणि सान्ना फुगविण्यासाठी वापरली जाई. मात्र मद्यार्कयुक्त माडीला आरोग्यपेय मानण्याची चूक कोणी करू नये.

दोन अप्रिय आठवणी

येथवर वाचून कोणास वाटेल की आमचे सारे जुने ते सोने, असे प्रतिपादन आम्हांला करावयाचे आहे. तसे नाही. इतिहास लिहावयाचा तर लाजेच्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट ताकाच्या दानाची. आमच्या घरी ताक सर्वांना मिळे, हे खरे. पण वाडीबाहेरच्या वस्तीतून येणाऱ्या बाईला ओटीखाली उभे राहावे लागे, आणि तिच्या लोटक्यात ताक वरून ओतले जाई. भांड्याला भांडे लागू द्यावयाचे नाही. आम्ही मुले ते पाहत होतो आणि त्यात काही वावगे आहे, असे आम्हांला वाटत नव्हते. ज्या जिल्ह्यात १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले आणि सर्व जातींच्या सहभोजनांच्या पंक्ती उठल्या, त्याच जिल्ह्यात त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी आमच्या ओटीवर हे चालू होते. काल्याचा प्रसाद एका भांड्यातून खाणारे आम्ही, ताकाची धार मात्र हातभर वरून सोडीत होतो. आणि जे शिळा भात आणि आंबील खात, त्यांना आपण हिणवीत होतो. आज शास्त्रज्ञ आंबवलेल्या अन्नाची महती सांगतात, तेव्हा तो गौरव प्रथम त्या वस्तीतील बायांच्या पदरी घातला पाहिजे.

दुसरी गोष्ट याहून दुःखाची. आमच्या लहानपणी एका पावसाळ्यात वाडीत जुलाबाची साथ आली. आमचा धाकटा भाऊ आणि शेजारच्या घरातील त्याच्याच वयाची एक मुलगी, दोघेही एकाच दिवशी आजारी पडली. त्या काळी जुलाबात पाणी बाधते, अशी दृढ समजूत होती. शेजारच्या घरी मुलीचे पाणी तोडले. ती पाणी पाणी करीत दुसऱ्या रात्री गेली. आमच्या घरीही वडीलधाऱ्यांचे मत तेच होते. पण आत्याने ऐकले नाही. ती रात्रभर भावाच्या उशाशी बसून मीठ घातलेले पेजेचे पाणी आणि पातळ ताक चमच्याचमच्याने त्याला पाजत राहिली. भाऊ वाचला. दोन्ही घरे एकाच परंपरेतील होती. एका घरी परंपरेने मूल वाचविले, दुसऱ्या घरी परंपरेनेच ते घालविले. त्या मुलीची आई पुढे कित्येक वर्षे सकाळी ताकाला येई, तेव्हा आत्या तिच्या डोळ्याला डोळा देत नसे.

आत्याने केले ते योग्य होते, ह्याला आज जगन्मान्य आधार आहे. १९७१ साली बांगला देशाच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले, आणि जलसंजीवनीचा मार्ग जगाला पटला. घरगुती उपाय म्हणून जागतिक आरोग्य संघटना मीठ घातलेले तांदळाच्या पेजेचे पाणी आणि मीठ घातलेले दह्याचे पातळ पेय ह्यांचाही पुरस्कार करते. जुलाबात मूल मरते ते मुख्यतः शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून पाणी तोडणे म्हणजे रोगाला हातभार लावणे होय. जलसंजीवनीची पुडी हा पहिला उपाय. मूल सुस्त पडले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त गेले, तर क्षणाचाही विलंब न करता दवाखाना गाठावा.

पॅरिसचे दही, मुंबईची लस

ह्या विषयाचे आधुनिक शास्त्र युरोपात उदयास आले. दूध आंबते ते सूक्ष्म जीवांच्या क्रियेने, हे लुई पाश्चर ह्यांनी १८५७ साली दाखवून दिले. १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह ह्या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनीव्हा येथे आपल्या देशातील दह्यात एक दंडाकृती जंतू शोधून काढला. त्याच सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री टिसिए ह्यांनी अंगावर पिणाऱ्या निरोगी बालकांच्या आतड्यांत एक विशिष्ट हितकर जंतू विपुल असतो, हे नोंदविले.

ह्या सर्वांचा मेळ घातला तो त्याच संस्थेतील रशियन शास्त्रज्ञ इल्या मेच्निकोव्ह ह्यांनी. मोठ्या आतड्यात अन्न कुजविणाऱ्या जंतूंच्या विषाने माणूस अकाली वृद्ध होतो, आणि दह्यातील आम्लकारी जंतू त्यांना आवर घालतात, असा सिद्धांत त्यांनी १९०७ च्या सुमारास आपल्या ग्रंथातून मांडला. १९०८ साली त्यांना पॉल एर्लिख ह्यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र दह्यासाठी नव्हे, तर शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी. त्यांच्या सिद्धांताने युरोपात दह्याची एकच लाट आली. पुढे असे दिसून आले की तो दह्यातील जंतू मनुष्याच्या आतड्यात कायमचा वस्ती करीत नाही. सिद्धांताचा तपशील चुकला, पण दिशा मोलाची होती.

मेच्निकोव्ह ह्यांचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो निकटचा आहे. त्यांचे ओडेसा येथील शिष्य वाल्डेमार हाफकिन हे १८९३ साली पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आले. १८९६ साली मुंबईत प्लेगचा कहर झाला, तेव्हा त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परळची त्यांची प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. त्या प्लेगच्या दिवसांत गिरणगावातील हजारो माणसे जीव मुठीत धरून गावाकडे पळाली, आणि त्यांत आपल्या रत्नागिरीकरांचा भरणा मोठा होता. गुरूने जंतूंतील मित्र ओळखले, शिष्याने जंतूंतील शत्रूंशी लढा दिला. जंतू म्हणजे केवळ रोग, ही समजूत किती अपुरी आहे, हे ह्या गुरुशिष्यांच्या जोडीवरून कळते.

जपानमध्ये मिनोरू शिरोटा ह्यांनी १९३० साली क्योटो येथे एक आम्लकारी जंतू निवडून वाढविला, आणि १९३५ पासून तो बाटलीतून विकला जाऊ लागला. आमच्या नातवाच्या हातातील बाटली त्याच वंशातील.

आजचे शास्त्र काय म्हणते

हितकर जिवंत जंतूंना प्रोबायोटिक म्हणतात. पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला उपकारक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव, अशा आशयाची त्यांची व्याख्या २००१ साली अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना ह्यांच्या तज्ज्ञांनी अर्जेंटिनात ठरविली. व्याख्येतील दोन शब्द महत्त्वाचे आहेत: जिवंत आणि पुरेशा. २०१६ सालच्या एका गणनेप्रमाणे प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे ३८ लक्ष कोटी जंतू असतात, म्हणजे जवळजवळ शरीरातील पेशींइतकेच. एवढ्या मोठ्या वस्तीत वाटीभर दह्यातील जंतूंनी काय करावे, असा प्रश्न साहजिक आहे.

ह्यावर आपल्या देशातच मोठे प्रयोग झाले आहेत. कोलकात्याच्या वस्तीतील एक ते पाच वर्षे वयाच्या ३,७५८ मुलांना बारा आठवडे शिरोटांच्या जंतूचे अथवा तसेच दिसणारे साधे पेय देण्यात आले; २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार जुलाबाचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले. ओरिसात ४,५५६ नवजात बालकांवर झालेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. विशिष्ट जंतू व त्याचे खाद्य सात दिवस दिल्यावर रक्तदोष अथवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. परंतु हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली, निवडक जंतूने झालेला आहे. तो वाचून कोणी तान्ह्या बाळाला ताक पाजू नये. सहा महिनेपर्यंत मातेच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२१ साली ३६ प्रौढांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील निम्म्यांनी दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले. त्यांच्या आतड्यांतील जंतूंची विविधता वाढली आणि दाह दर्शविणारी १९ प्रथिने रक्तात कमी झाली. उलट, २०२० साली तेथीलच पोटाच्या विकारांच्या तज्ज्ञांच्या संघटनेने असे स्पष्ट केले की पोटाच्या बहुतेक रोगांवर प्रोबायोटिक औषधे देण्याइतका पुरावा अद्याप नाही. दोन्ही मते एकत्र वाचावीत. आंबवलेले अन्न निरोगी माणसाच्या आहाराला हितकर आहे. ते सर्व रोगांवरील रामबाण उपाय नव्हे.

ह्या कसोटीवर आपले पदार्थ लावून पाहिले तर काही गैरसमज दूर होतात. घरचे दही-ताक जिवंत असते. दुधातील दुग्धशर्करा दह्यातील जंतूंनी बरीचशी खाल्लेली असते, म्हणून ज्यांना दूध पचत नाही, त्यांना ताक पचते. आपल्या देशात प्रौढांपैकी पुष्कळांना हा त्रास असतो. आंबोळी तव्यावर पडताच तिच्यातील जंतू मरतात, म्हणून ती प्रोबायोटिक नव्हे. पण आंबण्याने धान्यातील फायटेट कमी होऊन लोह अंगी लागणे सुलभ होते, आणि पीठ पचावयास हलके होते. नाचणीची आंबील शिजल्यावर तीच गत. परंतु निवल्यावर त्यात ताक घातले की ती पुन्हा जिवंत होते. निवल्यावरच ताक घालावे, ह्या आत्याच्या नियमाचे मर्म आम्हांला साठ वर्षांनी कळले. आपली लाडकी सोलकढी पाचक खरी, पण ती आंबवलेली नसते. आमसूल आंबट असते ते फळाच्या स्वतःच्या आम्लाने. कैरीच्या लोणच्यात मीठ इतके असते की त्यात हितकर जंतूही फारसे वाढू शकत नाहीत. बाजारात बंद खोक्यातून मिळणारे, महिनोमहिने टिकणारे ताक पुष्कळदा आंबवल्यानंतर तापविलेले असते, तेव्हा त्यात जिवंत असे काही उरत नाही. आणि शिळा भात उष्ण हवेत उघडा ठेवल्यास त्यात विषारी जंतू वाढतात. तो ठेवावयाचा तर निवताच स्वच्छ पाण्यात बुडवून झाकून ठेवावा. वास वा रंग बिघडला तर टाकून द्यावा. ज्यांची प्रतिकारशक्ती रोगाने वा औषधाने क्षीण झाली आहे, त्यांनी वैद्याच्या सल्ल्यानेच हे पदार्थ घ्यावेत.

विरजण कसे मोडले

मग हे अन्न आपल्या घरांतून गेले कसे? प्रथम मुंबईने ते नेले. पुरुष बोटीने मुंबईस जात, दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा जण राहत आणि खाणावळीत जेवत. तेथे गाय नाही, शिंके नाही. १९४९ साली आरे वसाहत स्थापन झाली, पुढे सरकारी दूध बाटल्यांतून घरोघरी येऊ लागले. पण ते मोजके दूध चहालाच पुरत नसे. नंतर सुबत्ता आली, तेव्हा चहा-पावाची न्याहारी हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरून गेले होते. मुंबईकर गणपतीस गावी येत, तेव्हा त्यांच्यासमोर आंबील ठेवावयाची गावातल्यांना लाज वाटू लागली. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्णपणे सुरू झाली. माणसे लवकर येऊ लागली आणि गोठे त्याहून लवकर रिकामे झाले. आमच्या घरचा गोठाही त्याच दशकात रिकामा झाला. आत्या त्यापूर्वीच निवर्तली होती. तिच्यानंतर ते विरजण किती दिवस चालले, कोणी मोडले, हे घरात कोणालाही सांगता येत नाही. एवढ्या काळजीने राखलेली वस्तू कोणाच्या लक्षातही न येता संपून गेली, ह्याची खंत आम्हांस अजून वाटते.

समारोप

लेख लांबला. आता दोन नम्र सूचना करून थांबतो.

पहिली सूचना आपल्या विद्यार्थी वसतिगृहासंबंधी. तेथील मुलांना दुपारच्या जेवणात पेलाभर घरचे ताजे ताक मिळावे, आणि आठवड्यातून दोन दिवस सकाळी आंबोळी किंवा नाचणीची आंबील असावी. ह्यास खर्च फारसा नाही. लागते ती रोज विरजण लावणाऱ्या एका माणसाची निष्ठा. आणि हे ताक मुलांनी एकमेकांना वाढावे, कोणाच्याही भांड्याला भांडे लागले तरी चालेल, अशा रीतीने.

दुसरी सूचना घरोघरच्या सुनांना आणि मुलांना. आपल्या घरातील वृद्ध स्त्रियांजवळ बसून त्यांच्या आंबवणाच्या रीती लिहून काढाव्यात. पीठ किती, पाणी किती, पावसाळ्यात किती तास आणि थंडीत किती, कोणते भांडे, काय केले तर बिघडते, हे सारे त्यांच्याच शब्दांत. मंडळाने पुढील स्मरणिकेत त्यासाठी काही पाने राखून ठेवावीत आणि सांगणाऱ्या स्त्रीचे नाव तेथे छापावे. कुळाच्या वंशावळीत ज्यांची नावे आली नाहीत, त्यांची नावे निदान तेथे तरी येतील.

आमच्यापुरते सांगावयाचे तर गेल्या वर्षी आम्ही गावातील एका घरून वाटीभर दही मागून आणले. भांडे लपविले नाही. त्यातून आता रोज विरजण लागते. नातू सुटीत येतो, तेव्हा ते लावण्याचे काम त्याच्याकडे असते. दूध कोमट झाले की नाही, हे तो करंगळी बुडवून पाहतो. उद्याच्या विरजणासाठी वाटीभर दही बाजूस काढल्यावाचून आमच्या घरी आता ताक होत नाही.

सर्व ज्ञातिबांधवांस आणि भगिनींस निरामय आयुष्य लाभो, ही श्रीचरणी प्रार्थना.